पहिली अडथळ्यांची शर्यत: एकही पुलअप येत नाही, जाऊ का?

गोगलगाय
मंडळी, सल्ला हवाय. ऑफिसातल्या चौघांनी अडथळ्यांच्या शर्यतीत नावं घातली आणि पाचवं माझं घातलं. मला विचारलं होतं, नाही असं नाही. मी "बघू" म्हणाले होते. "बघू" म्हणजे "नाही" हे चार वर्षं शेजारी बसूनही कळू नये याचं वाईट वाटतं, पण आता नाव गेलं ते गेलं.

५ किमी, २० अडथळे, हातात सात आठवडे. माझी कुंडली अशी: वय ४१. ५ किमीला ३८ मिनिटं लागतात. पुलअप (बारला लटकून स्वतःला हनुवटीपर्यंत वर खेचणं) शून्य. काल बारला लटकून पाहिलं, ११ सेकंदांत हात सुटले. चिखलाचं काही वाटत नाही, उंचीचं वाटतं.

प्रश्न एकच. अशा बाईने जावं, की आजारी पडायची तारीख आत्ताच ठरवून टाकावी?

रिकामटेकडी
आदल्या दिवशी पाय मुरगळणं उत्तम. ताप हल्ली कोणी मानत नाही.
(हलकेच घ्या. वाचतेय.)

लोखंडी_चणा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शून्य पुलअपवर जाऊ नका. भिंती, दोर, मंकी बार (डोक्यावरच्या आडव्या दांड्यांची रांग), रिंगा, सगळीकडे स्वतःचं वजन हातांवर घ्यायचं असतं. सात आठवड्यांत पहिला पुलअप बसू शकतो. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणायची, पाय सोडायचे आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली यायचं. असं पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. हे करायचं नसेल तर चिखलात फोटो काढून परत याल, एवढंच.

खारूताई
चणेभाऊ, अर्धं पटलं, अर्धं नाही. माझ्या चार शर्यती झाल्यात आणि पहिल्या दोन शून्य पुलअपवर झाल्यात. माणूस पडतो तो दंडातला जोर कमी पडला म्हणून नाही, बोटं उघडली म्हणून. मंकी बारवर स्वतःला वर खेचायचं नसतं, लटकत पुढे जायचं असतं. दोरावर वर नेतात ते पाय. भिंतीवर अर्धं काम उडीचं, उरलेलं टाचेचं. पुलअप आला तर सोन्याहून पिवळं, पण तो नाही म्हणून घरी बसण्यात अर्थ नाही.

गोगा, ११ सेकंदांची लाज वाटून घेऊ नकोस. माझे ९ होते. एक दिवसाआड लटक, पण हात सुटेपर्यंत नाही. आठ-आठ सेकंदांचे सहा तुकडे, मध्ये मिनिटभर आराम. दर आठवड्याला प्रत्येक तुकड्यात तीन-चार सेकंद वाढव. तिसऱ्या आठवड्यापासून बारवर टॉवेल टाकून त्याला लटक, जाड आणि ओल्या दोराची सवय होते. आणि दोन्ही हातांत जड काहीतरी घेऊन चालत राहा, बोटं बोंब मारेपर्यंत.

वैद्यबुवा
खारूताईंच्या प्रतिसादाला एक शेपूट जोडतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला जास्त वेळ लागतो. चाळिशीत अचानक रोज लटकायला लागलेली माणसं महिन्याभरात कोपराची आतली बाजू धरून येतात. सकाळी दाराची मूठ फिरवताना तिथे कळ आली तर चार-पाच दिवस लटकणं पूर्ण बंद. "थोडंसंच दुखतंय" हे वाक्य मी फार ऐकलंय.

पळपुटा
सगळे हातांच्या मागे लागलेत, म्हणून पायांची बाजू घेतो. शेवटी ही शर्यत आहे, त्यातला सगळ्यात मोठा वेळ पायांवरच जातो. ३८ मिनिटं वाईट नाहीत, पण ती सपाट रस्त्यावरची. इथे चढ-उतार, निसरडी माती, ओले बूट. शिवाय दर दोनशे-तीनशे मीटरवर थांबायचं, काहीतरी उचलायचं, की पुन्हा पळायचं. तो थांबा-पळा प्रकार छाती फोडतो.

सराव असा करा: ४०० मीटर पळा आणि धापा टाकतच बारला लटका. पुन्हा ४०० मीटर, मग दहा बर्पी (पालथं पडायचं, उठायचं, उडी मारायची). पुन्हा ४००, मग जमिनीवर कोपरांवर दहा मीटर सरपटा. चार-पाच फेऱ्या, आठवड्यातून एकदा. ताज्या हातांचे ११ सेकंद आणि धापांमधले ११ सेकंद हे वेगळे प्राणी आहेत. दुसऱ्या दिवशी आरामात लांब पळा, ७-८ किमी, जमल्यास चढावर.

अर्धविराम
एक बाळबोध शंका. शेतात राबणारा माणूस वर्षभर चिखलात वाकतो, ओझी उचलतो, कुंपणं ओलांडतो. त्याला गळ्यात पदक कोणी घालत नाही. आपण मात्र आठवडाभर खुर्चीत बसून सुट्टीच्या दिवशी कोणीतरी मुद्दाम खणलेल्या खड्ड्यात उडी मारायला नाव नोंदवतो. हा खेळ आहे की कृत्रिम कष्टांचा देखावा?

इतिहासाचे_पान
अर्धविरामराव, शंका बाळबोध नाही, आणि जुनी आहे. फ्रेंच नौदलातले अधिकारी जॉर्ज एबेर यांनी नेमकं हेच मनात धरून पळणं, चढणं, उचलणं, फेकणं, तोल सांभाळणं यांची एक व्यायामपद्धत बांधली. १९०२ साली मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखी फुटला तेव्हा ते तिथल्या बचावकार्यात होते. शरीर नुसतं पिळदार असून भागत नाही, अडचणीत उपयोगी पडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. सैन्यातल्या अडथळ्यांच्या मार्गांवरही त्या विचाराची छाप आहे.

हल्लीच्या शर्यतींची सुरुवात इंग्लंडमधल्या 'टफ गाय'पासून धरतात, १९८७. तिथे ऐन थंडीत गारठलेल्या पाण्यात उतरायचं असे. मग २०१० साली अमेरिकेत 'स्पार्टन' आणि 'टफ मडर' दोन्ही सुरू झाल्या आणि हे लोण जगभर गेलं. 'स्पार्टन'मध्ये वेळ मोजतात आणि अडथळा चुकला की दंड. 'टफ मडर'च्या नेहमीच्या शर्यतीत स्पर्धेपेक्षा एकमेकांना ओढून नेण्यावर भर.

देखाव्याबद्दल म्हणाल तर टोकियो ऑलिंपिकात आधुनिक पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या खेळात घोडा ऐकेना आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर त्या खेळातून घोडेस्वारी काढून तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत घ्यायचं ठरलं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये दिसेल.

रिकामटेकडी
म्हणजे घोड्याने नकार दिला म्हणून माणसाला घातलं. गोगा, तुझीही केस अशीच दिसतेय.

चष्मिष्ट
धागा छान चाललाय. मध्येच विचारतो: चष्म्याचं काय करायचं? माझा नंबर मोठा आहे, लेन्स सोसत नाहीत.

उंटावरचा_शहाणा
दोराचं मी सांगतो, कारण दोन वेळा अर्ध्यावरून खाली आलोय आणि तिसऱ्यांदा वरच्या टोकाची घंटा वाजवलीय.

लोक दोर पाहिला की हातांनी वर निघतात. तीन हात गेल्यावर संपतात. खरं कौशल्य बुटांत आहे. दोर उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने खाली सोडा. डाव्या पायाचा चवडा त्याच्याखाली घालून तो उचला, म्हणजे दोर उजव्या तळव्याखालून येऊन डाव्या बुटाच्या पाठीवरून जातो. आता उजवा पाय डाव्यावर दाबा. दोर दोन बुटांमध्ये चिमटीत सापडतो आणि तुम्ही चक्क त्यावर उभे राहता. हातांना तिथे श्वास घेता येतो.

पुढे: हात वर, गुडघे छातीपर्यंत ओढा, पुन्हा चिमटा, उभे राहा. घाई करायची नाही. आधी जमिनीवर बसून बुटांचा चिमटा शंभर वेळा करा, न बघता जमला पाहिजे. उतरताना चिमटा सैल करत हाताखाली हात घेत या. सरकत खाली आलात तर तळहाताची साल दोरालाच राहते. लांब मोजे घाला, नडगी वाचते.

लोखंडी_चणा
हे चांगलं लिहिलंय. तरीही गुडघे छातीपर्यंत ओढताना वजन हातांवरच असतं. मी एवढंच म्हणत होतो.

खारूताई
मान्य, भाऊ. म्हणूनच "अर्धं पटलं" म्हटलं होतं :)

गोगलगाय
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. तिसरा आठवडा चालू आहे, हिशेब देते. लटकणं २४ सेकंद. पळपुटेकाकांच्या फेऱ्या दोनदा केल्या, पहिल्यांदा चौथ्या फेरीला आडवी झाले आणि एक कुत्रं येऊन हुंगून गेलं. बुटांचा चिमटा टीव्हीसमोर बसून जमतो, प्रत्यक्ष दोरावर अजून नाही.

आता नवे प्रश्न. बूट कुठले? आणि अडथळा जमला नाही तर काय होतं, हाकलून देतात का?

पळपुटा
काका म्हणालात, चालेल, केस गेलेतच.

शर्यतीच्या दिवशी कोरे बूट नकोत. खाली खोल खाचा असलेले, वरून जाळीदार, पाणी पटकन सोडणारे घ्या. सुती मोजे पाणी धरून ठेवतात आणि फोड आणतात, ते नकोत. शर्यतीआधी एकदा बूट घालून पाण्यात उभे राहा आणि तसेच ३ किमी पळा. कुठे घासतं ते त्या दिवशी कळू दे. नाडीची टोकं आत खोचा. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही.

उंटावरचा_शहाणा
हाकलत नाहीत. 'स्पार्टन'मध्ये पूर्वी एका चुकीला ३० बर्पी असा ठरलेला दंड होता, आता बऱ्याचदा दंडाची जादा फेरी पळावी लागते. इतर ठिकाणी नियम निराळे. काही शर्यतींत बाजूने निघून जाता येतं, फक्त क्रमवारीत नाव धरत नाहीत. क्रमवारीसाठी पळणाऱ्या स्पर्धकांच्या तुकडीत मदत घेणं बाद, खुल्या तुकडीत चालतं. नियमांचं पान वाचा, ते कोणीच वाचत नाही.

अर्धविराम
मदत घेऊन भिंत ओलांडली तर ती भिंत कोणी ओलांडली?

खारूताई
दोघांनी. शंका मिटली?

भिंतीचं सांगते. सहा फुटी असेल तर धावत ये, एक पाय कमरेच्या उंचीवर भिंतीला मार, आणि पुढे नाही, वर जा. कड हाताला लागली की कोपर वर टाक, मग एका बाजूची टाच कडेवर अडकव. पोटावर आडवी हो, पलीकडे पाय सोड, हातांनी लटक आणि मग उतर. वरून थेट उडी मारायची नाही, घोटे तिथेच जातात. आठ फुटीला सहकाऱ्याच्या मांडीवर पाय देऊन चढ. पाय जांघेजवळ द्यायचा, गुडघ्याजवळ नाही, नाहीतर चढशील तू आणि लंगडेल तो.

रिकामटेकडी
ज्यांनी "बघू"चा अर्थ लावला त्यांच्या गुडघ्याजवळच दे.

वैद्यबुवा
कंटाळवाण्या पण कामाच्या गोष्टी सांगतो.

अंगठी, कडं, घड्याळ काढून जा. अंगठी बारच्या किंवा भिंतीच्या खिळ्यात अडकली आणि वजन खाली आलं तर बोटाची कातडी सोलून निघते. मी पाहिलंय, वर्णन करत नाही.

चिखलाचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका. २०१२ साली अमेरिकेतल्या नेवाडात अशा एका शर्यतीनंतर २२ जण कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या जुलाबांनी आजारी पडले, आणि चुकून गिळलेल्या गढूळ पाण्याशी त्याचा संबंध दिसला. जनावरं फिरतात अशा जमिनीत हे होणारच. बुडी मारताना ओठ मिटा, बाहेर आल्यावर थुंका, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. खरचटलेलं त्याच दिवशी साबणाने धुवा. धनुर्वाताची लस कधी झाली ते आधी बघा. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा, लेप्टोस्पायरोसिसचा विचार त्यांना करता येतो.

शेवटचं: दुसऱ्या दिवशी अंग दुखणारच. पण लघवी गडद तपकिरी झाली, तर ती दुखण्याची शेखी मिरवायची वेळ नाही. त्याच दिवशी दवाखाना.

चष्मिष्ट
आणि चष्मा?

गोगलगाय
सहावा आठवडा. ४१ सेकंद! दर वर्षाला एक. दोरावर पाच-सहा हात वर गेले, तिथून खाली पाहिलं आणि तशीच परत आले. पुलअप अजून नाही, पण अर्ध्यापर्यंत जाऊन थरथरते. चणेभाऊ, तुमचं स्टुलावरून सावकाश उतरणं मी सोडलेलं नाही बरं का.

लोखंडी_चणा
अर्धा पुलअप म्हणजे अर्धं घर बांधून झालं. आता शेवटचे सहा-सात दिवस हातांना विश्रांती. पळणं निम्म्यावर. नवीन काही सुरू करायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

गोगलगाय
आले परत. सगळी बोटं जागेवर आहेत. लांब लिहितेय, सवड असेल तर वाचा.

सुरुवातीलाच कमरेएवढी भिंत होती, ती ओलांडून तर स्टार्टलाइनला जायचं. माझी छाती तिथेच धडधडत होती. पहिला किलोमीटर सगळे सुटले, मीही सुटले आणि दुसऱ्या चढावर पळपुटेकाकांचा शाप लागला. काटेरी तारेखाली खरं लोळत जायचं असतं, ते पटकन होतं. पण मी सहा वेळा गोल फिरले आणि मला घेरीच आली, मग उरलेलं कोपरांवर. तारेला शर्टाची पाठ फाटली. नाव घालणाऱ्या आमच्या म्होरक्याच्या पोटरीत तिथेच गोळा आला. त्याला बारा पुलअप येतात. मी त्याच्या पायाचा अंगठा वर ओढत बसले होते आणि मागचे लोक आमच्या दोन्ही बाजूंनी ओहोळासारखे जात होते.

मंकी बारला चौथ्या दांडीवर सुटले. बार ओले होते आणि माझे हात चिखलाचे. माझ्यापुढची मुलगी शर्टाच्या आतल्या बाजूला हात पुसून चढली, ते मी पडल्यावर पाहिलं. भाला तर समोरच्या गवताच्या पुतळ्याच्या पायाशी जाऊन पडला. दोन्हीकडे दंडाची फेरी, कुरकुर न करता पळले.

आणि मला ज्याबद्दल तुम्ही कोणीच सांगितलं नाहीत ती बादली! खडीने ठरलेल्या रेघेपर्यंत भरायची, हँडल नाही, खांद्यावर घ्यायची नाही, पुढे मिठीत धरून चढावर न्यायची आणि परत आणायची. मी बोटं खाली गुंफली आणि तीसेक पावलांत कमरेपासून मानेपर्यंत सगळं एकदम बोलायला लागलं. एक वयस्क गृहस्थ शेजारून म्हणाले, "सुटायच्या आधी ठेवा, सुटल्यावर नाही." मग मी दर पंचवीस पावलांनी ठेवली. खाली ठेवताना सोपं, पुन्हा उचलताना देव आठवतात. सबंध शर्यतीत रडू आलं ते फक्त तिथे, आणि ते घामात कळलं नसावं.

दोर शेवटून तिसरा होता. हात तोवर लाकडाचे. पण चिमटा बसला! बुटांत दोर अडकल्याची ती कचकच जाणवली आणि मी उभी राहिले. पुन्हा गुडघे, पुन्हा चिमटा. खाली पाहायचं नाही म्हणून दोराच्या पिळांकडेच बघत होते. एका पिळात कोणाचा तरी लाल धागा अडकला होता, तो नाकासमोरून खाली गेला. घंटेला हात पुरत नव्हता, वीतभर कमी. शहाणेदादा, तेव्हा तुमचं "घाई करायची नाही" डोक्यात आलं. अजून एकदा गुडघे वर घेतले आणि घंटा वाजवली. उतरताना मात्र घाई केलीच. डाव्या तळव्याची साल दोराला देऊन आलेय.

आठ फुटी भिंत म्होरक्याच्या मांडीवरून. जांघेजवळच दिला पाय, रिकामटेकडे.

एकूण वेळ १ तास ५२ मिनिटं. वीस पैकी अठरा. पुलअप आजही शून्य.

उंटावरचा_शहाणा
वीत राहिलेली असताना परत गुडघे ओढलेस, तिथे मी दोन्ही वेळा हात मारून पडलो होतो. जिंकलीस.

लोखंडी_चणा
अभिनंदन! शून्य पुलअपवर जाऊ नका हे शब्द मागे घेतो. बादलीचं सांगायला हवं होतं, चूक झाली. ती हातांनी नाही, पोटाने आणि कुल्ल्यांनी न्यायची असते. पाठ किंचित मागे, बादली कमरेच्या हाडावर टेकलेली, छोटी पावलं. पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा.

अर्धविराम
वृत्तांत आवडला. देखाव्याबद्दलचं माझं मत कायम आहे. पण मागचे लोक दोन्ही बाजूंनी जात असताना पोटरी धरून बसणं, हे त्या मतात बसत नाही, त्याचा विचार करतोय.

वैद्यबुवा
तळव्याची साल साबणाने धुतलीत का? लोंबणारी कातडी ओढू नका, कात्रीने कापा.

खारूताई
गोगा, ते बूट आत्ताच्या आत्ता धू. आतला तळ काढून, कागद कोंबून, सावलीत. उद्यावर टाकलंस तर फेकावे लागतील.

गोगलगाय
तीन पाण्यांनी धुतले, चौथ्यातही वाळू निघतेय. साल कापली.

चष्मिष्ट
अभिनंदन ताई. मी सात आठवडे थांबलोय. चष्मा.

गोगलगाय
अरे देवा, सॉरी! तिथे एकाने मागून घट्ट बसणारा इलॅस्टिकचा पट्टा लावला होता आणि बुडीच्या आधी चष्मा काढून मुठीत धरला होता. बाहेर आल्यावर पुसायला त्याला कोरडं काहीच सापडेना. शेवटी त्याने आमच्या टोळीतल्या एकाला टोपी उलटी करून दे म्हणून मागितली, आतली बाजू कोरडी होती. म्हणजे पट्टा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एक सुकं फडकं. जुना चष्मा घालून जा.

चष्मिष्ट
जुन्याचा नंबर कमी आहे, पण भिंत दिसेल. धन्यवाद.